ड्रीम ॲप भरलं म्हणजे झालं असं नाही: स्टेटस नसलेल्या मुलांसाठी कॉलेजच्या एडचा नीट क्रम

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की मला एकाच प्रकारचे फोन यायला लागतात. "ताई, फॉर्म तर आम्ही ऑक्टोबरातच भरला होता, मग पैशाचं काहीच कसं आलं नाही?" मग एकत्र बसून बघितलं की कळतं, मुलगी पात्र आहे, मार्क चांगले आहेत, पण फॉर्मच चुकीचा भरलाय, किंवा दोन ठिकाणी नाव वेगळं पडलंय, किंवा सबमिट केल्यावर कुणी परत लॉगिन करून बघितलेलंच नाही. अशा पोरांना पैसे मिळू शकत होते आणि ते मिळाले नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून कॉलेजच्या एडचं, म्हणजे फीसाठीच्या आर्थिक मदतीचं, हे सगळं क्रमाने लिहितेय.

आपल्याकडे स्टेटसचा, म्हणजे इथं कायदेशीर राहायच्या परवानगीचा, विषय दार लावून बोलायचा असतो. बाबांची नोकरी गेली, एच-वन वर्क व्हिसाच्या ६० दिवसांच्या मुदतीत दुसरी मिळाली नाही, मुलं शाळेत होती म्हणून निघता आलं नाही, आणि स्टेटस गेलं. गणपतीला मंडळात सगळे भेटतात पण हे कुणी कुणाला सांगत नाही, त्यामुळे माहितीही पोचत नाही. खालचं सगळं मुख्यतः कॅलिफोर्नियाचं आहे, कारण तिथली प्रोसेस मी जवळून बघते, बाकी राज्यांचं शेवटी थोडक्यात सांगते.

## टप्पा १: आधी मुलाचं स्टेटस नक्की करा, आई-बाबांचं नाही

पहिला गोंधळ इथंच होतो. फॉर्म कुठला भरायचा हे मुलाच्या स्टेटसवर ठरतं.

- मूल अमेरिकेत जन्मलेलं, म्हणजे सिटिझन, आणि आई-बाबांकडे कागद नाहीत: या मुलाला केंद्र सरकारची एड मिळू शकते, पेल ग्रँटसकट (केंद्राची परत न करायची मदत). त्याचा फॉर्म फाफ्सा. आई-बाबांची माहिती केंद्र सरकारकडे द्यायची भीती वाटत असेल तर कॅलिफोर्नियात अशा मुलाला फाफ्साऐवजी ड्रीम ॲप (राज्याच्या एडचा फॉर्म) भरायची मुभा आहे, पण मग फक्त राज्याची आणि कॉलेजची एड मिळते, पेल ग्रँटवर पाणी सोडावं लागतं. हा निर्णय घरात नीट बोलून घ्या, घाईत नको.
- मुलाकडे कागद नाहीत, किंवा व्हिसा संपलाय, किंवा डाका आहे (लहानपणी इथं आलेल्यांना डिपोर्टेशनपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना): फाफ्सा भरायचाच नाही. डाका असला तरी केंद्राची एड मिळत नाही, सोशल सिक्युरिटी नंबर असला तरीही नाही. फॉर्म म्हणजे कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट ॲप्लिकेशन, ज्याला सगळे ड्रीम ॲप म्हणतात.
- मूल अजून एच-४ वर (एच-वनवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे: त्याच्याकडे स्टेटस आहे, त्यामुळे तो अनडॉक्युमेंटेड नाही आणि त्याची वाट वेगळी आहे. केंद्राची एड नाहीच, पण एच-४ वर राहून कॅलिफोर्नियाचा रहिवासी म्हणून कमी फी लागू शकते, ते कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला विचारा.

दुसरं, डाकाबद्दल खूप जण विचारतात की आता अर्ज करू का. डाकासाठी १५ जून २००७ च्या आधीपासून इथं असायला लागतं, म्हणजे आज हायस्कूलला असलेलं जवळजवळ कुठलंच मूल त्यात बसत नाही, आणि नवे अर्ज मंजूरही होत नाहीयेत. त्याची वाट बघत ड्रीम ॲप थांबवून ठेवू नका, ड्रीम ॲपसाठी डाका लागतच नाही.

थांबा: एड मिळावी म्हणून हातातलं स्टेटस सोडून द्यायचा विचार काही घरांत होतो, विशेषतः मूल २१ ला पोचून एच-४ मधून बाहेर पडणार असतं तेव्हा. कृपा करून असं करू नका. आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. एडचे पैसे पुढच्या वर्षीही मागता येतात, गेलेलं स्टेटस सहजासहजी परत येत नाही.

आणि ही सगळ्यात मोठी गोष्ट: मूल सिटिझन नसेल तर कुठल्याही फॉर्मवर, कुठल्याही कारणाने, "यूएस सिटिझन" वर टिक करू नका. समुपदेशकाने घाईत केली असेल तरी बदलून घ्या. सिटिझन असल्याचा खोटा दावा इमिग्रेशनच्या कायद्यात फार गंभीर धरतात, पुढे ग्रीन कार्डाचा मार्ग मिळाला तरी तो याच एका टिकवरून बंद होऊ शकतो.

## टप्पा २: एबी ५४० मध्ये बसता का बघा

ड्रीम ॲपचा पाया एबी ५४० हा कायदा आहे. यात बसलात तर बाहेरच्या राज्यातल्या मुलांची फी लागत नाही, आणि यूसीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) हा फरक वर्षाला ३० हजार डॉलरपेक्षा जास्त आहे, म्हणजे कित्येक घरांसाठी कॉलेज होणार की नाही हे इथंच ठरतं.

साधारण अटी अशा: कॅलिफोर्नियात तीन वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे (हायस्कूल, किंवा ठराविक प्रकारे प्राथमिक शाळा, ॲडल्ट स्कूल आणि कम्युनिटी कॉलेज धरून), इथूनच हायस्कूल पास किंवा जीईडी (हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा) पाहिजे, आणि संधी मिळताच स्टेटस कायदेशीर करायला अर्ज करेन असं लिहून द्यायचं असतं. आधी व्हिसावर होता आणि आता तो संपलाय अशी मुलंही यात येतात. सध्या चालू व्हिसावर असलेली, टी आणि यू व्हिसा (तस्करीच्या आणि गुन्ह्यांच्या बळींना मिळणारे) सोडले तर, येत नाहीत.

या लिहून द्यायच्या कागदाला ॲफिडेव्हिट म्हणतात, आणि ते दोन ठिकाणी द्यायचं असतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एक राज्याच्या वेबग्रँट्स पोर्टलवर ऑनलाइन, दुसरं ज्या कॉलेजला जाणार तिथल्या ॲडमिशन किंवा रजिस्ट्रार ऑफिसला. एकीकडे दिलं म्हणजे दुसरीकडे आपोआप जात नाही. ऑगस्टमध्ये बाहेरच्या राज्यातल्या मुलांची फी लावलेलं बिल हातात आलं की समजा, कॉलेजचं ॲफिडेव्हिट राहिलंय.

## टप्पा ३: नाव एकच ठेवा

याच्यावर मी मुद्दाम जास्त लिहितेय, कारण आपल्या मराठी मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त अडतं ते इथं.

आपली नावं तीन भागांची. समजा मुलीचं नाव सई प्रकाश देशपांडे. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये "सई प्रकाश" एकत्र, शाळेच्या रेकॉर्डला नुसती "सई देशपांडे", आणि आईने ड्रीम ॲप भरताना मिडल नेममध्ये "प्रकाश" टाकलं. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी राहिलेली, मग व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) छापून आलेलं आणि पूर्ण नाव आडनावात, आणि शाळेनेही तेच उचललेलं. आपल्याला ही सगळी एकच मुलगी दिसते. कॉम्प्युटरला तीन वेगवेगळ्या दिसतात.

सोशल नंबर असलेल्या मुलांचं रेकॉर्ड त्या नंबरावरून जुळतं. आपल्या मुलांकडे तो नसतो, म्हणून सगळी भिस्त नाव, जन्मतारीख आणि पत्त्यावर. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी शाळेने पाठवलेला जीपीए (मार्कांची सरासरी) एका बाजूला आणि ड्रीम ॲप दुसऱ्या बाजूला लटकत राहतं आणि कॅल ग्रँट, म्हणजे राज्याची परत न करायची मदत, येत नाही.

म्हणून असं करा:

1. शाळेच्या ऑफिसमधून ट्रान्सक्रिप्ट मागवा, त्यावर नाव जसं छापलंय ते कागदावर उतरवून घ्या, स्पेलिंगसकट.
2. चुकलं असेल तर अकरावीतच, म्हणजे ज्युनियर इयरला, शाळेत दुरुस्त करून घ्या. सिनियर इयरच्या फेब्रुवारीत ऑफिसला फार गर्दी असते.
3. कॉलेजचे अर्ज, ड्रीम ॲप, वेबग्रँट्स अकाउंट, स्कॉलरशिप, सगळीकडे तेच नाव, तोच ईमेल, तोच पत्ता.
4. जन्मतारीख भरताना महिना आधी. आपण सवयीने तारीख आधी लिहितो, ०५ आणि ०८ उलटं पडतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

तपासा: शाळेचा ईमेल वापरू नका. जूनमध्ये तो बंद होतो आणि एडची सगळी पत्रं त्याच बंद खात्यात जात राहतात.

## टप्पा ४: कागद गोळा करा

टॅक्स दोन वर्षांपूर्वीचा लागतो. म्हणजे २०२७-२८ साठी भरताय तर २०२५ चा. आई-बाबा आयटिन नंबरवर (सोशल नंबर नसलेल्यांना टॅक्ससाठी मिळणारा) टॅक्स भरत असतील तर तेच रिटर्न चालतं. रोखीने काम करत असतील आणि रिटर्न भरलंच नसेल तर कमाई अंदाजे न टाकता महिन्याचा हिशोब लिहून काढा, कॉलेज पुढे विचारू शकतं आणि तेव्हा दोन्ही आकडे जुळायला हवेत.

थांबा: आयटिन हा सोशल नंबर नाही. आकडे तितकेच असतात म्हणून तो सोशलच्या रकान्यात टाकतात आणि अर्ज अडकतो. सोशल नसेल तर ती जागा रिकामी सोडा. दुसऱ्या कुणाचा नंबर, बाबांचा जुना नंबर, काहीही टाकू नका.

आता एक आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. आई-बाबा भारतात आणि मूल इथं मामाकडे राहतंय, मग कमाई कुणाची दाखवायची? मामा-मामी कितीही प्रेमाने सांभाळत असले तरी या फॉर्मच्या भाषेत ते पालक नाहीत. माहिती आई-बाबांचीच, रुपयांचे डॉलर करून. मामाची कमाई टाकली तर घर श्रीमंत दिसतं आणि एड जाते, मी हे होताना बघितलंय. कोर्टातून कायदेशीर पालकत्व मिळालं असेल तर गोष्ट वेगळी, मग मूल बहुतेक वेळा स्वतंत्र धरतात (आई-बाबांची कमाई लागत नाही), त्या कोर्टाच्या ऑर्डरची कॉपी जवळ ठेवा.

## टप्पा ५: ड्रीम ॲप भरणं

अर्ज साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. चार वर्षांच्या कॉलेजसाठी शेवटची तारीख बहुतेक वेळा २ मार्च असते, रविवार वगैरे आला तर एखादा दिवस पुढे जाते. कम्युनिटी कॉलेजला जाणाऱ्यांना २ सप्टेंबरची दुसरी संधी असते, पण त्या भरवशावर राहू नका. नोव्हेंबर संपायच्या आत भरून टाका, कारण त्याच महिन्यात यूसी आणि सीएसयूचे (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) अर्जही जातात आणि सगळी माहिती डोक्यात ताजी असते.

कॉलेज निवडताना जिथं जिथं अर्ज केलाय ती सगळी टाका, ॲडमिशन मिळायची वाट बघू नका. कॅल ग्रँटसाठी यादीत कॅलिफोर्नियातलं कॉलेज असायलाच हवं.

राहणार कुठे असा प्रश्न फॉर्मवर किंवा कॉलेजच्या पोर्टलवर आला की मुलं तो घाईत भरतात. "आई-बाबांकडे" टाकलं की राहण्याचा खर्च कमी धरतात आणि एडही कमी होते. खरंच हॉस्टेलला राहणार असाल तर तेच टाका, आणि नंतर बदल झाला तर कॉलेजच्या एड ऑफिसला कळवा.

शेवटी मुलाची सही आणि आई किंवा बाबांपैकी एकाची सही, दोन्ही हव्यात. पालकाची सही राहिली की अर्ज अर्धवट धरतात. मुलं रात्री बाराला एकटी बसून भरतात, सबमिट झालं असं समजतात, आणि ही सही तशीच राहून जाते.

तपासा: सबमिट केल्यावर ड्रीम ॲक्ट आयडी नंबर मिळतो. तो कागदावर लिहून ठेवा, स्क्रीनचा फोटो काढा. पुढे प्रत्येक फोनवर, प्रत्येक ऑफिसात हाच नंबर विचारतात.

भीतीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण बरेच आई-बाबा इथंच थांबतात. ड्रीम ॲप राज्याच्या स्टुडंट एड कमिशनकडे जातं, फाफ्सासारखं केंद्र सरकारकडे नाही, आणि ती माहिती एड ठरवण्यासाठीच वापरतो असं कमिशन सांगतं. तरीही मनाला पटत नसेल, घरात आधीच डिपोर्टेशनची केस चालू असेल, तर भरायच्या आधी वकिलाला विचारा. बऱ्याच कॉलेजांत अनडॉक्युमेंटेड विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदेशीर सल्ला असतो. पण ऐकीव गोष्टीवरून फॉर्म सोडून देऊ नका.

## टप्पा ६: भरल्यानंतरचं काम, जे कुणी करत नाही

इथं खरी गळती होते. ड्रीम ॲप गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी हे सगळं करा:

वेबग्रँट्स अकाउंट उघडा. हे ड्रीम ॲपपेक्षा वेगळं पोर्टल आहे. कॅल ग्रँट मिळाली का, जीपीए पोचला का, हे इथंच दिसतं.

जीपीए जुळला का बघा. सरकारी हायस्कूल सिनियर मुलांचे जीपीए स्वतःहून पाठवतात, पण पाठवला म्हणजे जुळला असं नाही. पोर्टलवर जीपीए दिसत नसेल तर शाळेच्या समुपदेशकाकडे जा, ड्रीम ॲक्ट आयडी द्या आणि परत पाठवायला सांगा. याचीही मुदत २ मार्चच आहे. प्रायव्हेट शाळेत असाल तर आधीच विचारून ठेवा.

ॲफिडेव्हिट ऑनलाइन द्या. टप्पा २ मध्ये सांगितलं तेच.

प्रत्येक कॉलेजचं पोर्टल उघडून "टू-डू" यादी बघा. व्हेरिफिकेशनसाठी (माहितीच्या पडताळणीसाठी) निवडलं असेल तर टॅक्सचे कागद, घरातल्या माणसांची यादी वगैरे मागतात. हे ईमेलवर येईलच असं नाही.

जूननंतर वेबग्रँट्समध्ये जाऊन हायस्कूल पास झाल्याचं स्वतः कन्फर्म करायचं असतं, आणि शेवटी वेगळंच कॉलेज निवडलं असेल तर तेही तिथं बदलायचं. कॅल ग्रँट मंजूर होऊनही पैसे आले नाहीत अशा केसेसमध्ये मला बहुतेक वेळा हेच दोन मुद्दे सापडतात.

## टप्पा ७: पत्र आल्यावर काय घ्यायचं

एडच्या पत्रात सगळे आकडे एकाखाली एक लिहिलेले असतात आणि बेरीज मोठी दिसते, पण त्यात परत न करायचे पैसे कुठले आणि कर्ज कुठलं हे वेगळं काढा.

परत न करायचे: कॅल ग्रँट, यूसी किंवा सीएसयूची स्वतःची ग्रँट, मिडल क्लास स्कॉलरशिप (यूसी-सीएसयूसाठी, वर्षाला दोन लाख डॉलरच्या थोडं वर कमाई असलेल्या घरांपर्यंत). "आपली कमाई जास्त आहे, आपल्याला काय मिळणार" म्हणून फॉर्मच न भरणारे खूप आहेत, त्यांनी हे लक्षात घ्या. कम्युनिटी कॉलेजला प्रॉमिस ग्रँटमध्ये ४६ डॉलर प्रति युनिट ही फी माफ होते. दोन वर्षं तिथं करून मग यूसीला ट्रान्सफर व्हायचा रस्ता मला तरी पैशाच्या दृष्टीने सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, त्यात कमीपणा काही नाही.

कर्ज: केंद्राचं कर्ज मिळत नाही, पण यूसी आणि सीएसयूमध्ये कॅलिफोर्निया ड्रीम लोन आहे, वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत आणि एका संस्थेत एकूण २०,००० पर्यंत. कॉलेज सुटल्यावर सहा महिन्यांनी फेड सुरू होते. वर्क परमिट नसेल तर नोकरी कशी आणि फेड कशी याचा आधी विचार करा, मगच सही करा.

वर्क-स्टडी: केंद्राची वर्क-स्टडी मिळत नाही. पत्रात चुकून आली असेल तर त्यावर बजेट बसवू नका, एड ऑफिसला जाऊन बोला.

जवळजवळ प्रत्येक सीएसयू आणि कम्युनिटी कॉलेजमध्ये ड्रीम रिसोर्स लिएझॉन म्हणून माणूस नेमलेला असतो आणि यूसीमध्येही अशी सेंटर्स आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांना जाऊन भेटा. फोनवर तीनदा प्रयत्न करून जे होत नाही ते समोर बसून दहा मिनिटांत होतं.

स्टडी ॲब्रॉडची ऑफर आली तर थांबा. १८ वर्षांनंतर स्टेटसशिवाय १८० दिवसांपेक्षा जास्त राहून देशाबाहेर गेलात तर परत यायला तीन वर्षांची बंदी लागू शकते, एक वर्ष उलटलं असेल तर दहा वर्षांची. आजी आजारी आहे म्हणून पुण्याला जाऊन येते असं म्हणणाऱ्या मुलीलाही हेच सांगावं लागतं, आणि सांगताना जीव तुटतो.

## टप्पा ८: राज्याच्या एडशिवाय मिळणारे पैसे

प्रायव्हेट कॉलेजांमध्ये बरीचशी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म मागतात, तो सोशल नंबरशिवाय भरता येतो. हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल अशी काही कॉलेजं स्टेटस न बघता ॲडमिशन देतात आणि गरजेइतकी पूर्ण एड देतात. पण काही कॉलेजं अनडॉक्युमेंटेड मुलांना इंटरनॅशनल धरतात आणि त्यांच्यासाठी एड कमी ठेवतात, तेव्हा अर्ज करायच्या आधी ईमेलवर विचारा की आम्हाला कुठल्या गटात धरणार, आणि उत्तर जपून ठेवा.

यूसी आणि सीएसयूच्या अर्जाची फी चार-चार कॅम्पससाठी माफ होऊ शकते, एबी ५४० मुलांनाही. द ड्रीम डॉट यूएस ही स्कॉलरशिप खास स्टेटस नसलेल्या मुलांसाठी आहे, आणि इमिग्रंट्स रायझिंग ही संस्था सोशल नंबर न मागणाऱ्या स्कॉलरशिपची यादी ठेवते. फी भरून स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक डॉलरही देऊ नका.

बाहेरची स्कॉलरशिप मिळाली की कॉलेजला कळवावी लागते, आणि काही वेळा कॉलेज तेवढी स्वतःची ग्रँट कमी करतं. तेवढी रक्कम ग्रँटऐवजी कर्जातून कमी करा अशी विनंती लेखी करा, बऱ्याचदा ऐकतात.

## दुसऱ्या राज्यात असाल तर

न्यू जर्सीत आपली माणसं भरपूर आहेत, तिथं फाफ्साऐवजी न्यू जर्सी अल्टरनेटिव्ह फायनान्शियल एड ॲप्लिकेशन भरायचं, हायस्कूलची तीन वर्षं तिथं झालेली हवीत. न्यूयॉर्कमध्ये ड्रीम ॲक्टचा अर्ज आणि त्यातून टॅप ग्रँट (तिथली राज्याची ग्रँट). इलिनॉयमध्ये अल्टरनेटिव्ह ॲप्लिकेशन, वॉशिंग्टनमध्ये वॉस्फा (तिथला राज्याच्या एडचा अर्ज). क्रम तोच: स्टेटस, राज्याची अट, नाव जुळवणं, अर्ज, आणि मग पाठपुरावा.

टेक्सासमध्ये मात्र जून २०२५ मध्ये कोर्टाच्या निकालाने स्टेटस नसलेल्या मुलांची इन-स्टेट फी गेली, फ्लोरिडानेही १ जुलै २०२५ पासून ती काढून टाकली. आणखी काही राज्यांवर केंद्र सरकारने केसेस टाकल्यात, त्यात कॅलिफोर्नियाही आहे. म्हणून दोन वर्षांपूर्वी शेजारच्यांच्या मुलाला मिळालं तेच आपल्याला मिळेल असं धरू नका, डिपॉझिट भरायच्या आधी कॉलेजच्या एड ऑफिसला या वर्षीचं विचारा.

## दर वर्षी परत

ड्रीम ॲप एकदा भरून चार वर्षं चालत नाही. दर ऑक्टोबरला नव्याने भरायचं, नवा टॅक्स, परत दोन्ही सह्या. फर्स्ट इयरची मुलं परीक्षा आणि रूममेटच्या गडबडीत हे हमखास विसरतात आणि सेकंड इयरला एड शून्य होते. आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये १ ऑक्टोबर आणि १ फेब्रुवारी अशा दोन आठवणी लावा, एक भरण्यासाठी आणि एक सगळं पोचलंय का ते बघण्यासाठी, आणि त्या मुलाच्या फोनवर लावाल तशाच आईच्या फोनवरही लावा.